दगडफुलांची साक्ष

गोड्या मसाल्याची तयारी चालली असता धणे, तीळ, खोबरे यांच्या जोडीने करड्या-काळसर रंगाची, चुरगळलेल्या कागदाच्या कपट्यांसारखी एक वस्तू कढईत पडते. तिला मराठीत दगडफूल म्हणतात. ती दगडावर वाढते हे अर्धेच खरे, कारण झाडांच्या सालीवरही ती तितक्याच सुखाने नांदते. आणि फूल तर ती मुळीच नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांना ‘शैवाक’ अथवा लायकेन म्हटले जाते, त्या वर्गात दगडफुलाची गणना होते. कवक आणि शैवल, म्हणजे बुरशीच्या कुळातला एक जीव आणि शेवाळाच्या कुळातला दुसरा, यांनी एकत्र थाटलेला हा संसार असतो. कवकाने निवारा द्यावा, ओल धरून ठेवावी आणि शैवलाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने दोघांपुरते अन्न तयार करावे, अशी ही वाटणी आहे.

महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या रानात या शैवाकांनी झाडांची खोडेच्या खोडे मढवलेली दिसतात. शहरातल्या भर रहदारीच्या रस्त्यावरील झाडावर मात्र पानासारखे पसरलेले दगडफूल शोधू जावे, तर बहुधा हाती निराशाच येते. सालीला घट्ट चिकटलेला एखादा राखी डाग, फार तर हिरवट भुकटीचा एखादा थर, एवढेच तेथे उरलेले असते. हा फरक पाहण्यास दुर्बीण लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पाहिला आणि त्याचा अर्थ लावला. आपल्याकडील शहरांच्या हवेचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत असताना हा अर्थ पुन्हा एकदा नीट वाचण्यासारखा आहे.

मोठ्या वनस्पतीला मुळे असतात, तिच्या पानांवर मेणचट आवरण असते, श्वासोच्छ्वासासाठी उघडझाप करणारी छिद्रे असतात. शैवाकाला यांपैकी काहीही नसते. पाऊस, दव, धुके आणि धूळ यांच्यातून जे येईल ते त्याने सर्वांगाने शोषून घ्यावयाचे. नको ते बाहेर ठेवण्याची सोय नाही आणि जुनी पाने गाळून साचलेले विष टाकून देण्याचीही सोय नाही. शिवाय त्याची वाढ अतिशय संथ, वर्षाकाठी काही मिलिमीटर आणि कित्येक जातींत त्याहूनही कमी. म्हणजे तळहाताएवढे शैवाक हे कित्येक वर्षांच्या हवेचे संचित असते. कोळसा किंवा तेल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्यातून होणारी आम्लधर्मी द्रव्ये शैवलातील हरितद्रव्य मोडून टाकतात. शैवल मेले की कवकाची उपासमार ठरलेली. भिंतींवर आणि कौलांवर पावसाळ्यात मखमलीसारखी दाटणाऱ्या हरितांची, ज्यांना बोलीभाषेत सरसकट शेवाळ म्हणतात त्यांची, स्थितीही फारशी निराळी नाही. त्यांनाही खरी मुळे नसतात आणि त्यांची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात. फरक इतकाच की, हवेतले जड धातू धरून ठेवण्याचे काम हरिता विशेष चांगले करतात. त्याचे महत्त्व पुढे येईल.

पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवरच्या शैवाकांची यादी विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या उद्यानात त्याला तीसच्या वर जाती आढळल्या. शहराच्या इतर भागांत त्यांतल्या बहुतेक दिसत नव्हत्या. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, शैवाके ही हवेच्या आरोग्याचे एक प्रकारचे मापक आहेत. पुढे तीस वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याच उद्यानातून ती नाहीशी झाल्याची नोंद त्यानेच केली. या गृहस्थाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. शैवाक म्हणजे एक जीव नसून दोन जीवांची भागीदारी आहे हा श्वेंडेनर यांचा सिद्धांत १८६० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला, तेव्हा नायलँडरने त्याला कडाडून विरोध केला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. शैवाकांची रचना ज्याला मान्य झाली नाही, त्यालाच त्यांची साक्ष प्रथम वाचता आली.

त्याच्या आधी, १८५९ मध्ये, लिओ ग्रिंडन याने मँचेस्टरच्या आसपासची शैवाके कमी होत चालल्याचे लिहिले होते आणि जुन्या रानांची तोड व कारखान्यांचा धूर ही दोन कारणे दिली होती. शाळा-महाविद्यालयांत उत्क्रांती शिकवताना मँचेस्टरच्या काळ्या आणि ठिपकेदार पतंगांची गोष्ट हटकून सांगितली जाते. ठिपकेदार पतंग ज्या पांढुरक्या सालीवर दडत असे, तिचा पांढुरकेपणा बव्हंशी शैवाकांचा होता आणि ती शैवाके धुराने मेली म्हणून काळ्या पतंगाचे फावले, हा भाग मात्र वर्गात घाईने उरकला जातो.

एवढे सगळे माहीत असूनही शास्त्रज्ञांचे एकमत झाले नव्हते, आणि हा वाद मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वीडनच्या सेर्नांडर यांनी १९२६ मध्ये स्टॉकहोमचे शैवाकांच्या दृष्टीने वर्णन करताना शहराच्या मध्यभागाला ‘शैवाकांचे वाळवंट’ म्हटले. त्याभोवती शैवाकांच्या धडपडीचा पट्टा आणि त्यापलीकडे निकोप प्रदेश, अशी त्यांची मांडणी होती. पण हे वाळवंट विषाने झाले की नुसत्या कोरडेपणाने? शहरात डांबर आणि दगड यांचे राज्य असते, पावसाचे पाणी गटारातून वाहून जाते, हवा उष्ण आणि रुक्ष असते. ओलीवर जगणाऱ्या शैवाकांना तेवढे कारणही पुरेसे आहे, असे म्हणणारा एक पक्ष पुढे कित्येक वर्षे टिकून होता. पोलंडचे रिझाक हे त्यांतले अग्रणी. त्यांचे म्हणणे हास्यास्पद मुळीच नव्हते.

त्याला उत्तरे निरनिराळ्या दिशांनी आली. उघड्या माळावर एकट्याच असलेल्या धातू गाळण्याच्या भट्टीभोवती शहराचा कोरडेपणा नसतो. तरी तेथेही शैवाके मरतात. अमेरिकेत ब्रोडो यांनी १९६० च्या सुमारास लाँग आयलंडवरील निकोप झाडांच्या सालीचे तुकडे शैवाकांसह कापून घेतले आणि न्यूयॉर्क शहराच्या दिशेने टप्प्याटप्प्याने बसवले. शहर जवळ येई तसतशी ती शैवाके खंगत गेली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे ऑलिव्हर गिल्बर्ट यांना असे दिसले की, झाडांवरून शैवाके व हरिता नाहीशा झाल्या असतानाही चुनखडीच्या भिंतींवर आणि अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांवर त्या शहरात बऱ्याच आतपर्यंत तग धरून आहेत. ते पत्रे काही झाडांहून ओलसर नव्हते. त्यांतला चुना आम्लाला मारत होता, एवढेच.

सर्वांत मोठे उत्तर मात्र खुद्द लंडनने दिले. डिसेंबर १९५२ च्या धुरकट धुक्यात त्या शहरात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचे त्या वेळी मोजले गेले. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा पुष्कळच वाढवला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या गेल्या, पुढे नैसर्गिक वायू आला आणि बॅटरसी व बँकसाइड ही शहराच्या पोटातली वीजकेंद्रे १९८३ पर्यंत बंद झाली. शहर पूर्वीइतकेच डांबरी, पूर्वीइतकेच कोरडे राहिले. हवेतला सल्फर डायऑक्साइड तेवढा झपाट्याने उतरला. आणि शैवाके परतली. डेव्हिड हॉक्सवर्थ व फ्रान्सिस रोझ यांनी १९७० मध्ये इंग्लंडसाठी शून्य ते दहा अशी एक पट्टी तयार केली होती. सालीवर कोणत्या जाती आहेत ते पाहून हिवाळ्यातील सल्फर डायऑक्साइडची सरासरी सांगता यावी, ही तिची योजना. दर घनमीटरला १७० मायक्रोग्रॅमच्या वर वायू गेला की हिरव्या भुकटीखेरीज सालीवर काही उरत नाही, आणि दहावी पायरी म्हणजे निर्मळ हवा. याच जोडीने १९८१ मध्ये लंडनमधील शैवाकांच्या पुनरागमनाचे वृत्त दिले. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातही ती परत आल्याची नोंद १९९१ मध्ये झाली. नायलँडरने यादी करून ठेवली नसती, तर गेले काय आणि परत आले काय, हे सांगायला कोणताच आधार नव्हता.

परतलेल्या जाती मात्र गेलेल्या जातींहून पुष्कळशा वेगळ्या आहेत. ‘लेकानोरा कोनिझिऑइडीज’ नावाचे एक धुरात पोसलेले शैवाक होते. स्पर्धक मेल्यामुळे औद्योगिक युगात ते गावोगाव फोफावले आणि धूर ओसरताच तेच दुर्मिळ झाले. त्याच्या जागी आता मोटारींच्या धुरातील आणि शेतीतील अमोनियातील नायट्रोजन ज्यांना मानवतो, अशी पिवळी-नारिंगी शैवाके फांद्यांवर दाटली आहेत. अर्थात खोड भरलेले दिसले की हवा शुद्ध झाली, असे समजणे भाबडेपणाचे ठरते. साक्षीदार उभा आहे एवढ्याने भागत नाही. तो कोण आहे, हेही ओळखावे लागते.

ही ओळख शाळकरी मुलांनाही करून देता येते, हे इंग्लंडमध्येच १९७० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले. गिल्बर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली देशभरातील हजारो विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील झाडे, भिंती व थडग्यांचे दगड तपासून कोणत्या प्रकारचे शैवाक कोठवर आढळते त्याची माहिती पाठवली आणि तीवरून ब्रिटनच्या हवेचा एक नकाशा तयार झाला. मुलांना लॅटिन नावे पाठ करावी लागली नाहीत. सालीला चिकटलेली खपली, पानासारखा पसरलेला पापुद्रा आणि झुडपासारखी लोंबणारी जटा, एवढे तीन ढोबळ प्रकार त्यांना ओळखता आले तरी पुष्कळ झाले, कारण हवा बिघडू लागली की आधी जटा जातात, मग पापुद्रे आणि शेवटी खपल्या.

हरितांची कामगिरी याहून अलीकडची आणि अधिक रोखठोक आहे. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूलिंग आणि टीलर यांनी रानातल्या हरितांमधील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मोजून त्यावरून हवेतून पडणाऱ्या धातूंचा अंदाज बांधला. १९९० पासून युरोपातील अनेक देश दर पाच वर्षांनी अशी पाहणी करीत आले आहेत. वेल्समधील स्वान्सी खोऱ्यात तर १९७१ च्या सुमारास हरिता नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरून त्या जागोजाग टांगण्याची युक्ती निघाली. जेथे झाडच नाही तेथेही साक्षीदार नेऊन ठेवता आला.

पण या विद्येचे खरे मोल अमेरिकेतील पोर्टलंड शहराला कळले. २०१३ च्या अखेरीस तेथील वनसेवेच्या संशोधकांनी शहरभरच्या झाडांवरून हरितांचे ३४६ नमुने गोळा केले आणि त्यांतले धातू मोजले. नकाशावर कॅडमियमचे ठिपके मांडले तेव्हा ते वस्तीच्या मध्यभागी काही ठिकाणी गर्दी करून बसले होते. त्यांतल्या ठळक गर्दीच्या दोन ठिकाणी रंगीत काच तयार करणारे कारखाने निघाले. काचेला पिवळा-लाल रंग आणण्यासाठी तेथे कॅडमियम वापरले जात असे. पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये जवळच हवा मोजणारी यंत्रे बसवली आणि हरितांनी सांगितले तेच यंत्रांनी सांगितले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही गोष्ट लोकांसमोर येताच मोठा गदारोळ झाला, कारखान्यांनी त्या धातूचा वापर थांबवला आणि पुढे राज्याने विषारी हवेसंबंधीचे आपले नियमच बदलले. यंत्रे त्या शहरात आधीही होती. ती कोठे ठेवावीत हे मात्र झाडावरच्या हरितांनी दाखवून दिले.

इटलीतील व्हेनेतो प्रांताचा अनुभव अधिक अस्वस्थ करणारा आहे. तेथे शेकडो ठिकाणी शैवाकांच्या जाती मोजून केलेला नकाशा तरुण वयाच्या स्थानिक पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या नकाशाशी ताडून पाहण्यात आला. शैवाके जेथे विरळ, तेथे मृत्यूचे प्रमाण अधिक, असा स्पष्ट मेळ दिसला. चिस्लागी आणि निमिस यांचा हा निबंध १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. असा मेळ म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे कोणीही विज्ञानशिक्षक सांगेल. तरीही ज्या हवेत झाडावरचा पापुद्रा जगत नाही त्या हवेत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ही गोष्ट त्यामुळे दृष्टीआड करता येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयाला लागणारी विद्या आपल्याकडे परकी नाही. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी भारतीय शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला, तर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, प. ग. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या शैवाकांचा मोठा संग्रह उभा केला. देशात अडीच हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. कलकत्ता, बंगळूर, लखनौ या शहरांतील शैवाकांवरून हवेचा अंदाज घेण्याचे प्रयत्नही १९८० च्या दशकापासून होत आले आहेत आणि ‘पिक्सिन कोकोज’ हे धुळीधुराला दाद न देणारे शैवाक शहरी आंब्यांच्या खोडांवर आढळते, हे त्यांतून चांगले माहीत झाले आहे. उणीव आहे ती हे ज्ञान संशोधनपत्रिकांच्या बाहेर न पडण्याची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात देशातील शंभराहून अधिक शहरे घेण्यात आली. पण यंत्रे महाग, त्यांची निगा अवघड आणि जिल्ह्याच्या गावाला एखाददुसरे केंद्र लाभले तरी तालुक्याच्या गावाला तेवढेही नाही. वीटभट्ट्या, साखर कारखाने, दगड फोडण्याच्या खाणी यांच्या छायेत राहणाऱ्या गावाच्या हवेचा आकडा कोणाच्याही वहीत नसतो.

म्हणून उद्यापासून झाडे पाहून हवेची प्रमाणपत्रे वाटावीत, असे कोणी सुचवू नये. इंग्लंडची पट्टी येथे लागू पडणार नाही, कारण जाती वेगळ्या, ऋतू वेगळे आणि येथील मुख्य दुखणे सल्फर डायऑक्साइडपेक्षा बारीक धुळीचे आहे. रिझाक यांचा आक्षेप तर महाराष्ट्रात दसपटीने खरा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतील तालुक्यांना पाच-सहाशेवर समाधान मानावे लागते. सोलापुरात शैवाक दिसत नाही म्हणून तेथील हवा विषारी आणि सावंतवाडीत दिसते म्हणून तेथील निर्मळ, असे म्हणणे म्हणजे पावसाचे श्रेय नगरपालिकेला देण्यासारखे आहे. तुलना करावयाची ती एकाच पर्जन्यपट्ट्यात, एकाच जातीच्या झाडांची, सारख्या वयाच्या खोडांची. हरिता तर मार्गशीर्षापासूनच सुकून तपकिरी होतात. त्यांचे नमुने पावसाळ्याच्या अखेरीसच घ्यावे लागतील.

ही पथ्ये पाळून करावयाचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या आवाक्यातले आहे. युरोपात रूढ असलेली रीत साधी आहे: दहा सेंटिमीटर बाजूचे पाच चौकोन एकाखाली एक जोडलेली एक शिडी करावयाची, जमिनीपासून एक मीटर उंचीवर खोडाच्या चारी दिशांना ती लावावयाची आणि प्रत्येक जात किती चौकोनांत आढळते ते मोजावयाचे. सुतळी, मोजपट्टी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढी सामग्री पुरते. जात ओळखण्यात अडचण आली तर पुण्याचे किंवा लखनौचे तज्ज्ञ आहेत. एका गावातील पन्नास आंब्यांची अशी नोंद केली आणि पाच वर्षांनी तीच झाडे पुन्हा पाहिली, तर कारखान्याच्या धुराड्याबद्दलचे वाद निव्वळ आरडाओरडीवर चालणार नाहीत.

अडथळा येतो तो निराळ्याच बाजूने. रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरू फासून त्यांचे सुशोभन करण्याची आपल्या नगरपालिकांना भारी हौस आहे, आणि हा रंगाचा पट्टा नेमका त्या एक मीटरच्या आसपास, शिडी लावावयाची तेथेच येतो. वर्षानुवर्षे सालीवर जमलेली नोंद एका सकाळी कुंचल्याखाली जाते. रस्तारुंदीकरणात जुनी झाडे जातात ती निराळीच. त्यांच्याऐवजी लावलेल्या रोपांवर शैवाक धरायला कित्येक वर्षे लागतात. एखाद्या गावाच्या वेशीवर अजून चार म्हातारे, न रंगवलेले आंबे उभे असतील, तर तेथील शिक्षकाने येत्या पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांसह तेथे जाऊन पहिली यादी करून ठेवावी. तिच्यावर तारीख, झाडाचे स्थान आणि खोडाचा घेर लिहिलेला असावा, म्हणजे पुढे येणाऱ्याला तेच झाड पुन्हा सापडेल.